पिवळी पट्टी

अहं, ते नको — दुसरं कुठलंही पुस्तक घे, ते अस्वलाचं तेवढं ठेव खाली. आणि त्यातली पिवळी पट्टी काढू नकोस हं, बाई! नाही गं, रागावले नाही, माझा आवाजच असा, विचार माझ्या सुनेला. बस. पहिलाच दिवस ना तुझा? मग ऐक. ही पोरं काही गोष्ट ऐकायला दवाखान्यात आलेली नसतात, सुई टोचून घ्यायला आलेली असतात — तेव्हा आवाज मोकळा सोडायचा, चित्र त्यांच्याकडे धरायचं, आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचं. पानात खुणेची पट्टी घालायची, उरलेलं पुढच्या गुरुवारी. का? अगं, म्हणजे पोर आपणहून आईला ओढत आणतं, पुस्तकाची गोडी लागते! माझीच युक्ती, मग सगळ्यांनी उचलली.

पिवळी पट्टी पिटुकलीची. पाच वर्षांची, पण जीव एवढासा, म्हणून पिटुकली. दर गुरुवारी रक्त चढवायला यायची. आणि प्रश्न किती — अस्वलाची टोपी विहिरीत पडली, मग कानांना थंडी वाजली का, आई ओरडली का — नुसतं डोकं खायची. त्या दिवशी मी थांबले तर रडायलाच लागली. टोपी सापडली का, एवढंच सांग म्हणे. तिची आईही म्हणाली, ताई, वाचा ना तेवढं, मला वाचता येत नाही, नाहीतर मीच घरी — मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

नियम कसला डोंबलाचा! बाहेर फोटो काढणार होते आमचा. तो बघ भिंतीवर — मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या शेजारी दात काढून उभी आहे ना, ती मी. हातात हेच पुस्तक. दोन पानं राहिली होती गं. दोन! मिनिटभराचं काम.

पुढच्या गुरुवारी आई एकटीच आली. मंगळवारी गेली म्हणाली. मला वाटलं, आता शिव्या देईल — दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तर त्या छोट्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, वाचा, पहिल्यापासून. वाचलं. पट्टीपाशी आले, पान उलटणार, तेवढ्यात तिनं पुस्तकावर हात ठेवला. म्हणाली, तिनं इथवरच ऐकलंय, मीही पुढचं ऐकणार नाही. आठ महिने झाले. दर गुरुवारी येते, दर गुरुवारी मी वाचते, तिथंच थांबते. टोपी सापडते गं शेवटच्या पानावर — बेडकानं घातलेली असते, पोरं खदखदून हसतात. एकदा सांगू दे म्हणून हात जोडले मी तिच्यापुढे. नाही म्हणजे नाही. मला घरी भांडी घासताना ती दोन पानं तोंडात येतात, मी मोठ्यानं म्हणते, सून घाबरते.

काय? तू वाचून दाखवतेस तिला, शेवटपर्यंत? वेडी आहेस का! तिच्याकडे तेवढंच उरलंय.

आली बघ. दे इकडे ते पुस्तक. आणि तू जा, त्या कोपऱ्यातल्या पोरांना काहीतरी वाच — अख्खं वाच. जा.