गिम्बल, गुडघे आणि चौथा मजला

...नाही, पण मला एवढंच सांगा, ज्या माणसाचे गुडघे गेलेत त्याला 'गुडघे वाकवून चाला' असं सांगणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? तुम्ही बसा हो, बसा, मी उभाच बरा आहे, एकदा बसलो की उठवायला माणूस लागतं. तुम्हाला सांगतो, उभं आयुष्य लेथवर काढलं मी, कारखान्यात, अक्षरशः उभं राहून, आणि लोखंड सोलणारी यंत्रं चालवली, पण एकाही यंत्राची टाप नव्हती मला चालवायची! आणि आता उतारवयात हे एवढंसं गिम्बल, टॉर्चएवढं, वर फोन धरायला एक चिमटा, त्याला इवल्या इवल्या तीन मोटारी... त्यानं मला माझ्याच घरात नाचवलं हो! माझं घर म्हणजे कुठलं? चौथा मजला. लिफ्ट नाही!

तुम्ही म्हणाल, घर आणि गिम्बल यांचा संबंध काय? सांगतो ना. घर विकायचं होतं. हौस म्हणून नाही, गुडघ्यांसाठी! डॉक्टर म्हणाला, "जिना बंद." मी म्हटलं, "डॉक्टर, जिना बंद केला तर मी घरी कसा जाऊ, खिडकीतून?" तर त्यानं नुसतं चष्म्यावरून बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मग शोधता शोधता एक जागा सापडली, तळमजल्यावर, दोन खोल्या, दाराला पायरी एकच आणि तीही अर्धी झिजलेली. ती पायरी बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत! आमची ही म्हणाली, "तुमच्या गुडघ्यांकडे बघून हो म्हणते, नाहीतर मी इथून हलले नसते." तिचं हो आलं हेच नशीब. पण त्या जागेची मालकीणबाई पक्की. "रविवारपर्यंत थांबते. तोवर तुमचं ठरलं तर तुमची, नाहीतर दुसरं माणूस तयार आहे." म्हणजे आधी आमचं गिऱ्हाईक पटायला हवं, तेही रविवारच्या आत.

मग आला एजंट. मी घराचे फोटो पुढे केले, तर असा हसला, जसा काही मी त्याला माझ्या मुंजीचे फोटो दाखवतोय. "काका, फोटो कोण बघतं आता? व्हिडिओ लागतो. सलग! दारापासून बाल्कनीपर्यंत, एका दमात. मध्ये कट दिसला की गिऱ्हाईक म्हणतं, इथे काहीतरी लपवलंय." मी म्हटलं, "आणि जिना?" तर म्हणतो, "जिना कशाला दाखवता? जिना काय घरात येतो?" अरे बाबा, घरात जिना येत नाही, जिन्यानं घरात यावं लागतं! चौथा मजला! लिफ्ट नाही! पण तो तोपर्यंत उतरलासुद्धा होता, तरुण पोर, दोन-दोन पायऱ्या गाळत.

बरं, लेकीनं नुकताच नवा फोन पाठवला होता. ती लांब राहते, पण सगळ्यात असते. "बाबा, ह्यात वाइड अँगल आहे. घर दुप्पट मोठं दिसेल, फक्त हातात धरा आणि चाला." धरला. चाललो. आता मी चालतो कसा, तुम्ही बघताय. एक पाय खाली, मग थोडा विचार, मग दुसरा. पाठवला व्हिडिओ. दोन मिनिटांत तिचा फोन, "बाबा, घर बोटीत आहे का? मला मळमळायला लागलं." मी काय करू? मी लंगडतो तर घर लंगडतं! भिंती डावीकडे झुकतायत, दिवाणखाना उजवीकडे झुकतोय, एवढं काय, देवळीतला दिवासुद्धा भेलकांडत होता! म्हणे, "गिम्बल घ्या. हात कितीही हलला तरी चित्र स्थिर राहतं." अगं, हात स्थिरच आहे माझा, लेथवाल्याचा हात आहे तो! हलतोय तो मी सगळा!

गेलो दुकानात. म्हणजे चार मजले उतरलो. दुकानदारानं गिम्बल काढलं, त्यात स्वतःचा फोन अडकवला, बटण दाबलं, आणि फोन असा ताठ उभा राहिला, जसा साहेब आल्यावर शिपाई. मी गिम्बल वाकडं करतोय, तिरकं करतोय, फोन आपला समोर बघतोय. मन भरून आलं हो! मी म्हटलं, असं काहीतरी माझ्या कमरेखाली बसवता येईल का? तर तो म्हणतो, "काका, मोटारी बाकीचं सगळं सांभाळतात, फक्त वरखाली होणारा धक्का नाही सांभाळत. तो तुम्ही सांभाळायचा. गुडघे वाकवा, टाच हळूच टेका, मग चवडा, आणि बदकासारखं सरकत चला." आणि करून दाखवतोय! काउंटरच्या मागून बाहेर येऊन! गुडघ्यांपायी घर विकायचं, घर विकायला व्हिडिओ काढायचा, व्हिडिओ काढायला तेच गुडघे वाकवायचे! म्हणजे भिंत पडू नये म्हणून पायाच्या विटा काढून वर लावण्यातला प्रकार! पण रविवार डोक्यावर बसलेला. घेतलं. आणि चढलो. कुठे? चौथ्या मजल्यावर! लिफ्ट? नाही!

घरी येऊन फोन अडकवला, बटण दाबलं, तर मोटार अशी घरघरायला लागली, घर्रर्र... आणि फोननं मान टाकली. पुन्हा दाबलं, पुन्हा घर्रर्र, पुन्हा मान टाकली. ही आतून म्हणते, "काय मेलं का?" मी फोन डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला, तोल साधायचा म्हणजे माझा हातखंडा, पण ही तीन मोटारींची मिजास! शेवटी पुन्हा उतरलो. तुम्ही म्हणाल, दुकानदाराला फोन करायचा. अहो, नंबर होता फोनमध्ये आणि फोन होता गिम्बलमध्ये, त्या तावात सुचतंय कुणाला! दुकानदारानं बघितलं, बोटानं फोनचं जाडजूड कव्हर सोललं, आणि फोन ताठ! "काका, कव्हरचं वजन होतंय. कॅमेराच आधी जड आहे." संपलं. एवढंच. कव्हर काढा! ह्या दोन शब्दांसाठी मी आठ मजल्यांची ये-जा केली, आणि वर पोचलो तेव्हा घरघर मोटारीची नव्हती, माझी होती.

मग सुरू झालं खरं शूटिंग. आता हा वाइड अँगल म्हणजे काय चीज आहे, तुम्हाला कल्पना नाही. त्याला सगळं दिसतं! समोरचं दिसतं, बाजूचं दिसतं, दोरीवरचं माझं बनियन दिसतं, खाली माझ्या पायाचा अंगठा दिसतो, आणि कोपऱ्यात त्या गिम्बलचा स्वतःचा हातसुद्धा दिसतो! लग्नात मधे डोकावणाऱ्या काकासारखा! अंगठा लपवला तर बनियन येतं, बनियन काढलं तर गिम्बलचा हात येतो. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि अगदी चित्राच्या कडेला उभी राहिली. आणि त्या वाइड अँगलची खोड अशी की मधलं नीट दाखवतो, पण कडेचं माणूस ताणतो. रबरासारखं! व्हिडिओ लावला, तर हिचा एक हात टेबलाएवढा लांब आणि गाल... जाऊ दे, गालाचं नको बोलायला, भिंतींना कान असतात.

"मी अशी दिसते?"

आता तुम्ही सगळे लग्न झालेले दिसताय. सांगा, ह्याला उत्तर काय? मी म्हटलं, "अगं, तू कडेला होतीस म्हणून."

"कडेलाच आहे मी! लग्न झाल्यापासून कडेलाच! मधे तुमचा कारखाना, मग तुमची लेक, आता तुमचे गुडघे!"

"अगं पण..."

मी आपला कॅमेरा पुन्हा चालू करून तिच्याकडे धरतोय, आणि तिनं हाताचा पंजा असा पुढे केला, "पुरे! एक अक्षर बोलू नका!"

टिंग!

म्हटलं, काय वाजलं? बघतो तर हिच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट! ही डावीकडे गेली, फोन डावीकडे वळला. ही उजवीकडे, फोन उजवीकडे. मी गिम्बल बाल्कनीकडे करतोय, फोन मान वळवून हिच्याकडेच! हिच्या फोनवरून लेकीला विचारलं तर ती हसत सुटली. "बाबा, कॅमेऱ्याला तळहात दाखवला की तो त्या माणसाला धरतो. पुन्हा तळहात दाखवला की सोडतो." मी लगेच तळहात दाखवला. काही नाही. चांगला दोन्ही हातांनी दाखवला, काही नाही. दिसणार कसा? मी कॅमेऱ्याच्या मागे! मी हिला म्हटलं, "अगं, जरा तळहात दाखव ना, म्हणजे सुटेल ते." तर ही कंबरेवर हात ठेवून म्हणते, "का दाखवू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघतंय."

आता बोला! घर विकायचंय, शनिवार उजाडलाय, गुडघे सुजून भोपळे झालेत, आणि यंत्र बायकोला फितूर! बंद करून चालू करायचं सुचलं असतं, पण त्या वेळी माझा दम संपला होता हो. हात जोडले मी. म्हटलं, "बाई, तू जिंकलीस. चल पुढे. तूच दाखव घर. मी मागून येतो."

आणि तिनं दाखवलं. दार उघडलं, पदर खोचला, आणि जसं काही पाहुणेच आलेत अशी बोलायला लागली. "या. हा आमचा दिवाणखाना. दुपारी इथे असं वारं येतं की पंखा लावायचा आळस होतो. ही खुंट्यांची फळी बघा. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन एकेक खुंटी लेथवर कातून आणली. इतकी वर्षं झाली, एक हलली नाही. हा ओटा माझ्या उंचीचा. गवंडी म्हणत होता, एवढा बुटका ओटा कुणी बांधत नाही. हे म्हणाले, बायको माझी बुटकी आहे, तुझी नाही, बांध!" मी मागून गुडघे वाकवून, बदकासारखा, टाच, चवडा, टाच, चवडा. "आणि ही बाल्कनी. समोरच्या गच्चीवर एक म्हातारी येते सकाळी. नाव माहीत नाही, आवाज कधी ऐकला नाही. पण रोज हात करते. एक दिवस मी दिसले नाही तर दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी करते." तिथे ती थांबली. मीही थांबलो. काय सुचलं कुणास ठाऊक, मोकळा हात मीही त्या गच्चीकडे केला. पण चित्र? चित्र जरासुद्धा हललं नाही!

व्हिडिओ लावला. अहो, काय सांगू! आमचं ते टीचभर घर, त्यात राजवाड्यासारखी ऐसपैस खोली! उजेड असा पसरलेला! कुठे धक्का नाही, कुठे लंगडणं नाही, जसं काही मी वाऱ्यावरून चालतोय. आणि मधोमध ही. न ताणलेली. छान दिसत होती हो, आहेच ती छान. आम्ही दोघांनी तो पुन्हा पुन्हा बघितला. मी म्हटलं, "झालं! आता उद्यापर्यंत गिऱ्हाईक आलंच म्हणून समज!" हिनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. तेव्हाच मी समजायला हवं होतं, पण माझं लक्ष त्या अर्ध्या झिजलेल्या पायरीकडे.

एजंटनं व्हिडिओ टाकला आणि रविवारी सकाळीच फोन वाजला. मी बाथरूममधून ओरडतोय, "घे! घे लवकर! गिऱ्हाईक असेल!" हिनं घेतला. स्पीकरवर. पलीकडे एक गृहस्थ, आवाजावरून अगदी घायकुतीला आलेला, "मॅडम, व्हिडिओ बघितला. असं घर मी आजवर बघितलं नाही. कितव्या मजल्यावर आहे विचारतसुद्धा नाही, मला पाहिजेच! आज येऊ का?"

मी साबणाचा बाहेर! चौथ्या मजल्याची फिकीर नाही, लिफ्टची फिकीर नाही, असं गिऱ्हाईक देव देतो का कुणाला? मी हातानं खुणा करतोय, हो म्हण, हो म्हण!

आणि ही शांतपणे म्हणते, "माफ करा हं. घर गेलं."

"गेलं? अहो, व्हिडिओ कालच तर आला! कुणी घेतलं?"

"आम्हीच."

आणि फोन ठेवला. मी तसाच उभा, अंगाला फेस. म्हटलं, "अगं, तळमजला? ती बाई? माझे गुडघे?" तर म्हणते, "तुम्हीच दाखवलंत ना मला, काय घर आहे ते! असं घर कोण विकतं? मला आजवर कुणी असं फिरवून दाखवलंच नव्हतं."

तुम्हाला सांगतो, मालकीणबाईची जागा संध्याकाळी दुसऱ्यानं घेतली, एजंट माझा फोन उचलत नाही, आणि लेक म्हणते, "बाबा, व्हिडिओ मात्र सुंदर काढलात." काढला ना! एवढा सुंदर काढला, की माझ्याच घराला गिऱ्हाईक माझ्याच घरातून मिळालं, तेही असलं, की घासाघीस नाही, कागद नाही, सरळ जाऊन बाल्कनीत चहा घेत बसलंय. अशा गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं?... चला, निघतो मी. माझी वाट बघत असेल. आणि मला घरी पोचायला जरा वेळच लागतो.