तिरळ्या बाईचं तोंड

आम्ही वेल्सहून पेनसिल्वेनियाच्या कोळसा खाणींवर आलेली माणसं. त्या रविवारचे पाहुणे उपदेशक स्वर लावून प्रवचन गातात अशी कीर्ती होती, म्हणून मी लवकर येऊन प्रार्थनाघराच्या रांगेत उभा राहिलो. पुढे तरणी नेस्ट आणि विधवा टेगवेनकाकू बोलत होत्या.

“काकू, उद्या पहाटे आमच्या दारावरून जाल?”

“मी? अगं, तिरळी बाई समोर आली की खाणीत मरण, म्हणून गडी मला बघताच घरी परततात!”

“म्हणूनच तर बोलावतेय.”

“बघ बाई! देवाला भितात रविवारी, मला भितात सहाही दिवस.”

“हसू नका हो. ह्यांच्या बोगद्याचं छत करकरतंय. परवा तिथंच पोलंडकडचे दोघे दबून गेले. लाकडी टेकू यायचेत मंगळवारी. मी किती विनवलं, तर म्हणाले, भित्री आहेस.”

“आणि मला बघून हा शूर गडी परतणार?”

“परतणार काय, अंथरुणात शिरतील!”

“मग डोक्यावरची शाल मागे सारूनच येते. दोन्ही डोळे नीट दिसू देत.”

“पण काकू, तुमच्या घरी काका कामावर जायचे कसे?”

“माडोक? त्याला असलं काही पटायचंच नाही. रोज निघताना माझ्या दोन्ही डोळ्यांचे मुके घ्यायचा. छत कोसळलं त्या दिवशीही घेतले.”

“काकू…”

“रडतेस काय, वेडे? कितीला निघतो तो? बरोबरचेही असतील ना? सगळ्यांनाच परत पाठवते.”