सृष्टी फोनवर येईना

"हॅलो?… हॅलो… हां ताई, जय भीम. मी बोलायले, संघप्रिया… आईच्या फोनवरून. माझा चार्जिंगला लावलाय… हो, झालं जेवण. खिचडी होती… दुखायलेत की टाके. पाचवा दिस हाय आज, दुखणारच… ते सोडा हो. सृष्टी कुठंय?"

परभणीच्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेवर संघप्रिया उशीला टेकून बसली होती. दुसऱ्या खेपेला तिला मुलगा झाला होता, सिझर करून. शेजारी वालूरहून आलेली तिची आई, मनकर्णाबाई, मांडीवर बाळ घेऊन बसली होती. पहिली लेक सृष्टी, साडेचार वर्षांची, झरीला मोठ्या जावेपाशी होती. जावेच्या, सत्यशीलाताईंच्या, लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दवाखान्यात निघताना संघप्रियानंच लेकीचा हात त्यांच्या हातात दिला होता. पोरगी रडून रडून घर डोक्यावर घेईल, अशी तिची खात्री होती. पोरगी रडली नव्हती.

"झोपली?… दुपारची?… अहो, ती दुपारची झोपतच न्हाई. मी मारून मुटकून निजवते तरी… बरं. बरं. आन काल अंघोळ करायलती. परवा खेळायलती… न्हाई, मी कुठं काय म्हणायले? उठवा म्हणते, दोन मिनटं… राहू द्या? बरं, राहू द्या. रात्रीला झोपते ना नीट?… कान?… कुणाचा कान?… तुमचा?"

सृष्टीला आईच्या कानाची पाळी बोटांत धरल्याशिवाय झोप लागत नसे. सहा महिन्यांची होती तेव्हापासूनची खोड. नखानं ओरखडे निघायचे, आणि संघप्रिया चारचौघींत कुरकुरत सांगायची, बापाचा चालत नाही, आजीचा चालत नाही, माझाच लागतो बाई! त्या कुरकुरीत केवढा तोरा होता, ते तिला आज कळलं. तिचा हात आपोआप डाव्या कानाकडं गेला.

"न्हाई, चांगलंच हाय की. लागली असंल सवय… जेवली का?… वांगं? सृष्टीनं वांगं खाल्लं?… माझ्याकडं तर ताट ढकलून उठते… तुमी कुस्करून दिलं. हां… मला काय कुस्करता येत न्हाई का?… काय न्हाई. काय न्हाई म्हणाले. अंगणवाडीतून आज कोण आणलं तिला?… तुमी गेलतात… मग?… काय म्हणाली ती बाईंना?… पुन्हा सांगा. 'माझी आई आली'?… तुमाला?"

मनकर्णाबाईंनी मान वर केली. हळू बोल, अशी खूण केली. संघप्रियानं तिकडं पाहिलंच नाही.

"आन तुमी काय म्हणालात?… कायच न्हाई?… सांगायचं न्हाई का, मी मोठी आई हाय म्हणून? बाईंसमोर गप उभ्या राहिलात? लय बरं वाटलं असंल ना… न्हाई, तुमी ऐका. ऐका ताई! मी दवाखान्यात हाय, मेले न्हाई. माझी लेक हाय ती. तुमाला झालं न्हाई, त्यात माझा काय गुन्हा? म्हणून माझं काढून घ्यायलात का?"

समोरच्या खाटेवरची पाथरीची बाई भाकर खाता खाता थांबली. मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला.

"हॅलो?… ताई?… हॅलो…"

फोन चालू होता. पलीकडं कुठंतरी नळाखाली हंडा भरत होता, कोंबडी कलकलत होती.

"बोला की… शिव्या द्या, पण बोला… काय?… ऐकू न्हाई आलं, मोठ्यानं बोला… बघवंना?… कुणाला बघवंना?… तुमाला?"

संघप्रियाच्या आवाजातली धार एकदम उतरली.

"म्हणून आला न्हाईत तुमी?… मला वाटलं, सृष्टीमुळं निघता येत न्हाई… हां… अख्खी झरी येऊन गेली, तुमीच तेवढ्या… हां. सृष्टीच्या वेळेस बी?… अहो पण तवा तर तुमीच होतात माझ्यापाशी. तेल लावायला, डिंकाचे लाडू करायला… हसत होतात की… न्हाई… न्हाई, कळंना कसं? एकीला एक न्हाई, आन एकीला दोन दोन… कळायलंय मला."

खरं तर तिला आत्ताच कळत होतं. पाच दिवसांपासून तिच्या पोटात जे जळत होतं, तेच ताई चौदा वर्षं घेऊन घरभर हिंडत होत्या, आणि त्याच हातांनी तिचे लाडू वळत होत्या. तिनं पदरानं नाक पुसलं.

"ताई… ऐका ना… मी बोलले ते बोलले. आता गिळता येत न्हाई ते. पण चुकलं माझं… न्हाई, म्हणू द्या मला. लय वाईट बोलले… बघवंना तर नका येऊ. मी नाराज होणार न्हाई… काय?… सृष्टीचं काय?… झोपलेली न्हाई?… मग खोटं कामून सांगितलं?… फोन फेकला? कवा?… त्या व्हिडिओ कॉलला? मला तर वाटलं रेंज गेली!"

तीन दिवसांपूर्वी नवऱ्यानं, सिद्धोधननं, मोठ्या हौसेनं व्हिडिओ कॉल लावला होता. बाळ पदराखाली पीत होतं. सृष्टीचा चेहरा पडद्यावर एकदा दिसला, मग घराचे पत्रे दिसले, मग काहीच दिसलं नाही. 'रेंज न्हाई तिकडं,' म्हणून सिद्धोधननं फोन खिशात टाकला होता.

"काय म्हणाली ती?… 'ती आता त्याची आई हाय'… असं म्हणाली?… माझी सृष्टी?… तवापासून तुमाला आई म्हणायलीय… माझ्यावरच्या रागानं… आन फोन म्हणलं की पळायलीय. तुमी माझ्यापासून लपवलं… टाके ओले हायत म्हणून… अहो ताई, तुमी सगळं आपल्या अंगावर घेतलं आन मी तुमालाच… गप बसते. बरं. न्हाई रडत… कुठंय आता?… दाराआड? ऐकायलीय? द्या ना तिला… येत न्हाई?… मग स्पीकर लावा. जवळ धरा नुसता."

ती सरळ बसली. टाक्यांवर ताण आला, तशी ओठ दाबून क्षणभर थांबली.

"सृष्टी?… ए पिल्या… अगं ऐक ना. बोलू नको. ऐक नुसतं… मी तुझी बी आई हाय. तुझी आधी हाय. तो तर पाच दिसांचा… हो, हो… अगं, ऐक ना… तो लहान हाय, त्याला दात बी न्हाईत, म्हणून प्यायलाय. तू बी तशीच प्यायचीस… न्हाई, खोटं न्हाई. विचार मोठ्या आईला… काय?… मी कवा येणार?… अजून चार दिस म्हणायलेत डॉक्टर. तूच ये की उद्या! मोठ्या आईसंग, जीपमधी बसून… वॉर्डात सोडत न्हाईत लेकरांना. मी खाली येते ना, गेटपाशी… जिने उतरते की हळूहळू… काय आणू नको?… त्याला? न्हाई आणणार. एकटीच येते. फक्त तुझ्यापाशी… हो, खरंच."

तेवढ्यात मनकर्णाबाईंच्या मांडीवर बाळ चुळबुळलं. मुठी झाडल्या, तोंड वाकडं केलं आणि मोठ्यानं भोकाड पसरलं. त्याच्या पिण्याची वेळ झाली होती. संघप्रियाला आतून पान्हा फुटला, पदर छातीशी ओला झाला. मनकर्णाबाई बाळाला तिच्याकडं द्यायला वाकल्या. तिनं मान हलवली आणि दाराकडं हात केला. बाहेर न्या.

मनकर्णाबाई क्षणभर थबकल्या. मग भुकेलं लेकरू छातीशी धरून व्हरांड्यात निघाल्या.

"…कोण रडायलंय?… अगं न्हाई… तो न्हाई. शेजारच्या बाईचं हाय ते… लय रडतं. दिवसभर… हो ना, कान किटतात नुसते… तू सांग की. मैत्रिणीशी भांडलीस?… मग?… मग बाईंनी काय केलं?… हां… ऐकायले की मी, दुसरं काय काम हाय मला?… हां… त्या मैत्रिणीला बी उद्याचं सांगायचं न्हाई? न्हाई सांगणार कुणाला… ठेवायचा फोन? बरं. तूच ठेव… न्हाई, तू आधी."

फोन कट झाला. व्हरांड्यात बाळ अजून रडत होतं.

"आई," संघप्रियानं जीव एकवटून हाक मारली. "आण गं माझ्या लेकराला."