'कावून'चे ओठ

तुम्ही हसाल, पण सांगतो. निवृत्तीनंतर मी मोबाइलवर हलतं-बोलतं कार्टून करायला शिकलो आणि एक केलंही. त्यात माझी दिवंगत पत्नी सुमन दारात उभी राहून विचारते, "एवढा उशीर का झाला?" काम कच्चं वाटू नये म्हणून भाषा अगदी शुद्ध ठेवली. तरी धाकधूक होतीच, म्हणून तलवाड्याच्या मेहुण्याला दाखवलं.

"दाजी, लई भारी हाय. पण ही बाई कोन?"

"अरे, तुझी आक्का!"

"आक्का असं कधी बोलली? ती म्हनायची, 'कावून उशीर केला?'"

खरंच होतं. त्याच्याच आवाजात ते वाक्य भरलं, तर चित्रातले ओठ शब्दांशी जुळेनात. 'वू'साठी तिचे ओठ मी पुन्हा गोल काढले आणि चित्र सुरू केलं.

"कावून उशीर केला?"

आवाज मेहुण्याचा होता, तरी माझ्या तोंडून निघालं, "आलोच, सुमन."