सहा नंबरचं टेबल

—नाही, टाच उचलायची नाही, सर, गादीवरूनच घासत आणायची स्वतःकडे, हां, अशी. एक. पट्टा मी धरलाय, घाबरू नका. दोन. परवा तुम्ही विचारलंत ना, इथे सगळ्या पेशंटांना नावानं हाक मारतेस, मग मलाच तेवढं सर का म्हणतेस — परवा मी हसून उडवून लावलं, नाही का? आज सांगते. तीन. तुम्ही मला शिकवलंय. काउंटीच्या कॉलेजात, तळमजल्यावर, फिजिक्स — तेच ते, बिनकॅल्क्युलसचं. इंजिनियर होणारी पोरं वरती खिडक्यांच्या वर्गात आणि आम्ही नर्सिंगवाल्या, फिजिओवाल्या, एक्स-रेवाल्या खाली बॉयलरच्या शेजारी. बीजगणित येतंय ना, मग रडता कशाला, असं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात आणि अर्धा वर्ग तिथंच रडकुंडीला आला. चार. नाही आठवत? कसं आठवणार, सोळा वर्षं झाली, तेव्हा मी शेली डूबे होते, केस कमरेपर्यंत, आणि वजन — जाऊ दे, हसू नका, हसलात की मांडी ढिली पडते. पाच.

थांबा, आता इथंच धरा, कोन मोजते. दुखतंय? दुखणारच, गुडघा नवा आहे, त्याला काय माहीत तो कुणाचा आहे ते. अठ्ठ्याऐंशी. गेल्या गुरुवारी चौऱ्याऐंशी होता, म्हणजे छानच की. नव्वद लिहिते. — अहो, दोन अंशांनी काय बिघडतंय, नव्वद म्हटलं की डॉक्टर खूश, विमावाले खूश, घरी तुमची बायको खूश. सगळेच लिहितात. बरं, सोडा पाय, सावकाश. पुन्हा. एक.

तुमचं ते जर्नल मात्र मला अजून स्वप्नात येतं. पेनानंच लिहायचं. पेन्सिल दिसली की तुमच्या कपाळाला आठी, आणि खोडरबर तर तुम्ही सरळ उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकायचात — त्या शॅरनचं टाकलं होतंत, सशाच्या आकाराचं, तिच्या मुलानं दिलेलं, ती आठवडाभर तुमच्या नावानं बोटं मोडत होती. दोन. चुकलं तर आकड्यावर एकच रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला आपल्या नावाची अक्षरं. ज्या पानावर एकही रेघ नाही त्या पानावर कुणी काम केलेलं नाही, असं म्हणायचात. तीन. बघा, सगळं पाठ आहे मला.

ट्रॉय आठवतो? ट्रॉय पेल्की. — हो, तोच, तुम्हाला व्हॅनमधून आणतो तो ट्रॉय. मग? तुम्हाला काय वाटलं, त्याच नावाचा दुसरा कुणी? त्यानं नाही सांगितलं तुम्हाला? सहा आठवडे मंगळवारी आणि गुरुवारी तुमचा पट्टा लावतो, तुमचा वॉकर बर्फातून उचलून आणतो आणि एका शब्दानं — नाही, तो नाहीच सांगणार. चार. माझा जोडीदार होता तो प्रॅक्टिकलला. सहा नंबरचं टेबल. सकाळभर चीजच्या कारखान्यात उभा राहून यायचा, अंगाला ताकासारखा वास, आणि खिशात कागदात गुंडाळलेली त्याच्या आईची पेस्टी, खिमा-बटाटा भरलेली, करंजीसारखी, ती अर्धी मला द्यायचा कारण मी हॉटेलातलं काम संपवून उपाशीच यायची. गणित मला त्यानंच शिकवलं, तुम्ही नाही, माफ करा. जे काढायचंय ते एका बाजूला ठेव, बाकीचं सगळं पलीकडे ने, घाबरतेस काय. असं शांतपणे सांगायचा, दहादा विचारलं तरी. पाच... सहा. टाच, सर, टाच.

मग तो नोव्हेंबरातला गुरुवार. हरणांचा सीझन लागलेला, अर्धा वर्ग बंदुका घेऊन रानात, आठवतं? तुम्ही चिडलेले. ट्रॉली, कप्पी, टांगलेलं वजन, आणि त्यावरून गुरुत्वाकर्षण काढायचं. चार वजनं, प्रत्येकाची पाच रीडिंगं. ट्रॉयची पाळी लांबली होती कारखान्यात, त्यामुळे सुरुवातीला मी एकटीच. पहिल्यांदा सोडली ट्रॉली — उत्तर सात पॉइंट एक. पुन्हा सोडली — सात पॉइंट तीन. बाजूच्या टेबलांवर नऊ सहा, नऊ आठ अशी उत्तरं ऐकू येतायत आणि माझं सात! मला वाटलं मीच मूर्ख. आणि घड्याळ पुढं चाललेलं. केन्ना, माझी मुलगी, तीन वर्षांची होती, पाळणाघर साडेपाचला बंद, आदल्याच आठवड्यात मला बाईनं बजावलं होतं की आणखी एकदा उशीर झाला तर मुलीला आणू नकोस म्हणून. मग मी काय केलं? उलटं केलं. नऊ पॉइंट आठपासून मागं आले. इतकं उत्तर यायला हवं तर वेळ किती यायला हवा — ट्रॉयनं शिकवलेलंच बीजगणित, सर. एक जरा कमी, एक जरा जास्त, खरं वाटावं म्हणून. हॉटेलच्या ऑर्डरच्या पॅडवर वीस रीडिंगं लिहिली. दहा मिनिटांत.

थांबलात का? सात. बरं, राहू दे, दम खा जरा.

तो साडेचारला आला, धावत, डोक्यावर जाळीची टोपी तशीच. मी म्हटलं, झालं सगळं, तू फक्त उतरव. त्या आठवड्यात जर्नल लिहायची पाळी त्याची होती ना. तो म्हणाला, अगं वा, एकटीनं केलंस? आणि कोट काढून बसला लिहायला, त्याच्या त्या गोलगोल अक्षरात, पेनानं, एकही चूक न करता — उतरवायचंच असेल तर चुकेल कशाला? मी पाच वाजता निघाले. तो आलेख काढत बसला.

आणि सहा नंबरच्या टेबलाची कप्पी गंजलेली होती. तुम्हाला माहीत होतं. — हो, माहीत होतं, सर, तुम्ही पुढच्या गुरुवारी वर्गात सांगितलंत तसं. मुद्दाम ठेवली होतीत. सात आलेलं सात म्हणून कोण लिहितो ते बघायला. सातच बरोबर होतं! मी लिहिलं असतं सात, तर तुम्ही पाठ थोपटली असतीत माझी. एवढा राग येतो ना कधीकधी तुमचा, की चालताना त्या कॉलेजच्या बाजूचा रस्ता टाळते मी — पण कप्पी तुमची असली तरी पॅड माझं होतं.

मग तुम्ही त्याला थांबवलंत. ट्रॉयला, कारण अक्षर त्याचं. मी दारात, खांद्याला पर्स. हे आकडे कुठून आले, असं विचारलंत. तो जर्नलकडे बघतोय, मग एकदाच माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं, सर, त्या क्षणी कळलं, मी बघितलं ना त्याचा चेहरा. आणि म्हणाला, मी लिहिलेत. एवढंच. मग तुम्ही माझ्याकडे वळलात — शेली? आणि मी म्हटलं, मी त्या दिवशी लवकर गेले होते. खोटं होतं का? शब्दन् शब्द खरं. लवकरच गेले होते मी. तुम्ही मान हलवलीत आणि मी पाळणाघराकडे पळाले.

पाय लांब करा. गार पडलाय. चोळून देते.

नापास, आणि वर रेकॉर्डवर शिक्का, लबाडीचा. मला वाटलं होतं, एखादं प्रॅक्टिकल पुन्हा करायला लावाल. खरंच वाटलं होतं. फिजिओच्या कोर्सला वीस जागा, ट्रॉय तात्पुरत्या यादीत अकरावा, तो गेला, आणि मी — मी कितवी होते, ते कशाला... एकविसावी. एकविसावी होते मी, सर. ऑफिसच्या बाहेर यादी लावलेली असायची, रोज बघायची मी. दारात उभी होते तेव्हाही पाठ होती. केन्नाचं निमित्त आहे, पाळणाघराचं निमित्त आहे, पण तुम्ही "शेली?" म्हणालात तेव्हा माझ्या डोक्यात केन्ना नव्हती. यादी होती. हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, तुम्हाला का सांगतेय देव जाणे.

नाही, भांडला नाही तो. एकदाही नाही. कारखान्यातच राहिला, तो बंद पडेपर्यंत. पाच वर्षांपूर्वी इथे व्हॅनला ड्रायव्हर हवा होता, तेव्हा मीच मॅनेजरकडे शब्द टाकला. त्याला माहीत नाही. सगळे म्हणतात, शेली किती चांगली. आजी-आजोबांना तो जसं उचलून ठेवतो ना, असं आमच्यातल्या शिकलेल्यांना जमत नाही, कुठं हात घालायचा, कुठं भार द्यायचा — मी शिकलेय ते, त्याला येतं. दर नाताळला त्याच्या आईच्या हातच्या पेस्ट्या आणून देतो मला. अख्ख्या. मी त्या खाते.

आता ऐका. त्यानं फॉर्म भरलाय परत, याच कोर्सचा, बेचाळिसाव्या वर्षी. सगळं झालंय, फक्त तो शिक्का आड येतोय. ज्यानं तक्रार केली त्या शिक्षकाचं पत्र हवं. उद्या शुक्रवार, उद्या शेवटचा दिवस. मी म्हटलं, अरे, आठवड्यातून दोनदा तुझ्या गाडीत बसतात, विचार की. तर म्हणाला, म्हाताऱ्या माणसाचा गुडघा दुखतोय, त्यात हे कुठं, आधी त्यांना नीट चालू दे. आणि वर मलाच समजावतो, नाही झालं यंदा तर पुढच्या वर्षी बघू.

तर तुम्ही पत्र द्या, सर. दोन ओळी. इतक्या वर्षांनी खात्री वाटत नाही, आकडे कुणाचे होते सांगता येत नाही, असं काहीतरी. माझं नाव नको. दर दोन वर्षांनी माझ्या फिजिओच्या लायसन्सच्या फॉर्मवर विचारतात, कधी शिक्षणात गैरप्रकार केलाय का, आणि मी दर वेळी नाही लिहिते. सात वेळा लिहिलंय. केन्ना आता कॉलेजात आहे, तिला — ... काय? पुन्हा बोला. ... नाही, खात्री आहे तुम्हाला, हे कळतंय मला, मीच आत्ता करून दिली ना. पण तुम्ही एवढंच — ... काय बघताय? कागद? हा तर तुमचाच कागद. ... हो. अठ्ठ्याऐंशी होता. लिहिलंय नव्वद.

द्या इकडे.

रेघ मारली, झालं? एकच. खालचं वाचता येतंय. अठ्ठ्याऐंशी. आणि ही अक्षरं. असं बघू नका हो.

आला तो. ... आत ये, ट्रॉय, झालंच आमचं. पाय पूस, सगळा बर्फ आत आणतोयस. ... मी? मला काय झालंय, सर्दी आहे. घेऊन जा सरांना, त्यांना थकवलंय मी आज. मंगळवारी दहाला, सर. हा तुमचा वॉकर. उठा. ... सर, असे माझ्याकडे बघत बसू नका, उठा ना. ट्रॉयनं गाडी चालू ठेवलीय तुमच्यासाठी, आत गरम राहावं म्हणून. ... सर.

ट्रॉय, जा, गाडी बंद करून ये. मला बोलायचंय तुझ्याशी.