रॅमच्या दोन पट्ट्या

घरी कंप्युटर जोडायची हौस माझी, पण त्या दिवशी इज्जत वाचवली आईनं. झालं काय, चुलतबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ मी माझ्या कंप्युटरवर एडिट करून राहिलो होतो. तो बघायला काकू लातूरहून खास आमच्याकडं नांदेडला आली. काम भराभर व्हावं म्हणून मी सकाळीच रॅमची दुसरी पट्टी बसवली, आन् स्क्रीन काळीठिक्कर! नुसतं बीप-बीप.

काकूचा चेहराच उतरला. "लग्न गेलं का रे सगळं?"

"न्हाई गं काकू, थांब जरा."

जुनी पट्टी एकटी लावली, तर चालू. नवी एकटी लावली, तरी चालू. दोघी शेजारी-शेजारी बसवल्या की बंद!

आई शेंगा फोडत बघत होती. म्हणाली, "ह्या जावाजावा दिसतात. एकीला जरा लांब बसव की."

मी हसलो, पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मधी एक खाच मोकळी सोडली. कंप्युटर पहिल्याच दमात सुरू! मागनं कळलं, त्या मदरबोर्डाची रीतच तशी होती, पट्ट्या एक खाच सोडून बसवायची.

व्हिडिओ लागला. लेकीला नवरीच्या साडीत बघून काकूचे डोळे भरले. पदरानं ते पुसत ती आईला म्हणाली, "खरंय जाऊबाई. मधी नांदेड-लातूर एवढी जागा हाय, म्हणून तर आपलं लई पटतं!"