धोट्यावरची खूण

(मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. साल एकोणीसशे सत्त्याण्णव. सुरतच्या लिंबायतमध्ये पत्र्याचं एक गॅरेज. आजूबाजूला मागांची खडखड. समोर जुनी पांढरी फियाट, तिचं बॉनेट उघडं. तुम्ही पुढच्या चाकाशी उकिडवे बसला आहात आणि तुमच्या शेजारी दहा वर्षांची हर्षदा आहे. तिचे वडील योगराज ही गाडी भाड्याने चालवतात. सुकलाल मिस्त्रींनी ती कालपासून दुरुस्तीला घेतली आहे. आता कान द्या, त्यांचं बोलणं आधीच सुरू झालं आहे.)

सुकलाल : ...म्हणून सांगतो, योगराजभाऊ, संध्याकाळी डोळे मिटून नवापूर गाठ. नवा डायनॅमो टाकला, बॅटरी भरतच राहील. बघ कसा चमकतो.

योगराज : डोळे मिटून चालवली तर मला कोण दुरुस्त करेल? तू?

सुकलाल : ते नाही जमायचं. गाडी तेवढी आण, गाडी बराबर करून देतो.

हर्षदा : काका, परवा तुम्ही स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून कानाला लावून ऐकलं ना, तसं मी आईच्या शिलाई मशीनला लावून ऐकलं.

सुकलाल : मग? काय म्हणाली मशीन?

हर्षदा : म्हणाली, तेल दे.

सुकलाल : दिलंस?

हर्षदा : दिलं. थोडं आईच्या पोलक्यावर पण पडलं.

योगराज : दोन दिवस घरात दुसरी गोष्ट नाही. सुकलालकाका असं ऐकतात, सुकलालकाका तसं ऐकतात. मीही सगळ्या लिंबायतला तेच सांगत असतो. बरं मिस्त्री, जुना डायनॅमो दे इकडे.

सुकलाल : तो कशाला? भंगार आहे.

योगराज : सवय आहे. काढलेली वस्तू घरी न्यायची. हिची आई ओरडते, तरी नेतो.

सुकलाल : घे बाबा. त्या बाकाखाली आहे. उचल, हर्षदा. सांभाळून, जड आहे, माय.

हर्षदा : नाना.

योगराज : हं.

हर्षदा : हा आपला नाही.

सुकलाल : घ्या. आता एवढीशी पोरगी मला डायनॅमो ओळखायला शिकवणार.

हर्षदा : शिकवत नाही, काका. आपल्यावर तीन खाचा आहेत. ह्याच्यावर नाहीत.

सुकलाल : कसल्या खाचा?

हर्षदा : कानशीने पाडलेल्या. नानांनी पाडल्या तेव्हा टॉर्च मी धरला होता. जॅकवर आहेत, कार्ब्युरेटरवर आहेत, स्टेपनीवर पण आहेत.

योगराज : मागाच्या खात्यातली सवय, सुकलाल. तुला वेगळं सांगायला नको.

हर्षदा : काका पण मागावर होते?

योगराज : माझ्या शेजारच्याच मागांवर. सहा वर्षं. दोरा घेऊन मागाच्या आरपार धावतो ना, तो धोटा. खात्यात सगळ्यांचे धोटे दिसायला सारखे. एखादा चांगला चालला की दुसरा कोणी उचलून नेणार. म्हणून ज्याने त्याने आपल्या धोट्यावर खूण पाडायची. माझ्या तीन खाचा. ह्याची फुली.

हर्षदा : काकांचा नेला कधी कोणी?

योगराज : नेला की. एकदा तर अर्धी पाळी माग बंद ठेवून बसून राहिला हा. माझा जादाचा धोटा शेजारी पडलेला होता. मी चहाला गेलो होतो. विचारल्याशिवाय हात लावला नाही याने.

सुकलाल : ते जुनं झालं आता. आणि भाऊ, गाडीत ग्रीस असतं, घासाघासी होते. बुजल्या असतील खाचा.

योगराज : असतील. मग बसवलेला एकदा बघून घेऊ. नव्यावर तर खाचा नसतील ना?

सुकलाल : माझ्यावर भरोसा नाही का तुझा?

योगराज : आहे, म्हणून तुझ्यासमोर बघतो. नसता तर गुपचूप दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली असती.

सुकलाल : इंजिन गरम आहे. पोरीचा हात भाजेल.

हर्षदा : गार आहे, काका. मी आल्या आल्या हात लावला होता.

योगराज : खालच्या कडेला चाचप. रंगाखालचं डोळ्याला दिसायचं नाही, बोटाने बघ.

हर्षदा : एक. दोन...

योगराज : सांग.

हर्षदा : तीन. नाना, रंग अजून ओला आहे. बोटाला लागला.

योगराज : बोल, सुकलाल. मी ओरडत नाही. ऐकतोय.

सुकलाल : कार्बन बदलले आहेत. ते खोटं नाही. आतून साफ केला, तारा आवळल्या. चार्जिंगचा लाल दिवा विझला, तूच बघ.

योगराज : किती दिवस चालेल?

सुकलाल : चालेल की.

योगराज : असं नको. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून सांगतोस, तसं सांग.

सुकलाल : बेअरिंग गेलं आहे. महिनाभर चालेल, नाहीतर सोनगडच्या पुढे आजच बसेल. भरवसा नाही.

योगराज : सोनगडच्या पुढे मला अंधार होणार. मागच्या सीटवर आपल्या गल्लीतल्या प्रमिलाबाई असतील. डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे त्यांचं, पट्टी आहे. बॅटरी उतरली, दिवे गेले आणि मागून ट्रक आला, तर त्या बाईला हात धरून उतरवायला तरी वेळ मिळेल का मला?

सुकलाल : प्रमिलाबाई आहेत ते तू बोलला नाहीस.

योगराज : दुसरं कोणी असतं तर चाललं असतं?

सुकलाल : नाही.

योगराज : मग?

सुकलाल : काल स्पेअरचं दुकान बंद होतं. तुला घाई. म्हटलं, रंग मारून देऊ, परत आला की गुपचूप बदलून टाकू.

योगराज : बदलला असतास?

सुकलाल : खरं सांगू? नसता. गेल्या महिन्यात एका गाडीला असंच केलं. कोणाला कळलं नाही. हात सोकावला.

हर्षदा : काका, पण परवा तुम्हाला आवाजावरूनच कळलं होतं ना, बेअरिंग गेलं म्हणून?

सुकलाल : कळलं होतं, माय.

हर्षदा : कळून पण?

सुकलाल : योगराज, तू मला चार शिव्या दे भो. पण हिला बोलू देऊ नको.

योगराज : शिव्यांनी डायनॅमो बदलत नाही. जा, नवा घेऊन ये. खोक्यासकट, दुकानाच्या पावतीसकट. आम्ही इथेच बसतो. जुना माझ्यासमोर काढ, नवा माझ्यासमोर बसव. मग दिवे लावून उधन्यापर्यंत एक फेरी मारू, आणि त्यानंतर पैशांचं बोलू.

सुकलाल : आणि उद्यापासून गाडी दुसरीकडे.

योगराज : ते अजून ठरवलं नाही. जा तू.

हर्षदा : नाना, ते येतील परत?

योगराज : गॅरेज त्याचं आहे. जाईल कुठे?

हर्षदा : तसं नाही विचारलं मी.

योगराज : हं. बघू.

हर्षदा : तुम्ही ओरडला का नाहीत? मी ओरडले असते.

योगराज : मी ओरडलो असतो तर तोही ओरडला असता. मग बेअरिंगचं खरं कोण सांगणार होतं? मला तेवढंच हवं होतं. गाडी आज न्यायची की नाही, ते त्या खऱ्यावर ठरणार होतं.

हर्षदा : आता पण लोकांना सांगाल, काकांचा कान चांगला आहे म्हणून?

योगराज : कान चांगलाच आहे. अख्ख्या सुरतेत असा कान मी पाहिला नाही. कबूलही केलं ना त्याने, "नसता बदलला" म्हणून? मी त्याच्या जागी असतो तर एवढं बोललो असतो की नाही, माहीत नाही.

हर्षदा : काकांची लूना आली. मागे खोकं आहे.

सुकलाल : ही पावती. हे खोकं. पट्टी तू फाड, हर्षदा. मी हात लावत नाही.

हर्षदा : काका, बसवू नका अजून. कानस कुठे आहे?

सुकलाल : त्या पत्र्याच्या डब्यात. ती नको, जाडी आहे. बारीक घे.

हर्षदा : नाना, मी पाडू?

योगराज : पाड. पुढे ढकलताना जोर दे, मागे आणताना उचल.

सुकलाल : हात बरा आहे हिचा.

हर्षदा : एक. दोन. आणि ही तीन.

योगराज : झालं. दे काकांकडे.

हर्षदा : नाही झालं. एक राहिली.

योगराज : आपल्या तीनच, बाई.

हर्षदा : आपल्या तीनच आहेत. बाजूला फुली काढते आहे. बसवणार काका आहेत ना.

सुकलाल : राहू दे, माय. ती खूण खात्यातच राहिली.

हर्षदा : काका, दोन्ही हातांनी धरा. हलला तर फुली वाकडी येईल.